बीजिंगची निषिद्ध नगरी एका दिवसात नीट कशी बघावी

निषिद्ध नगरी (चिनी सम्राटांचा जुना राजवाडा, आता संग्रहालय) बघायला येणारे बहुतेक लोक दक्षिणेच्या दरवाज्यातून आत शिरतात, गर्दीबरोबर सरळ उत्तरेकडे चालत राहतात आणि दोन तासांत मागच्या दरवाज्यातून बाहेर पडतात. मोठी अंगणं आणि मोठी छपरं बघून होतात, पण राजघराणं प्रत्यक्ष जिथे राहत होतं तो भाग राहून जातो. परिसर 72 हेक्टरांचा आहे, दक्षिणोत्तर 961 मीटर आणि पूर्व-पश्चिम 753 मीटर. मधली रेषा, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी ही सरळ मुख्य वाट, सकाळी लवकर उरकायची आणि खरा वेळ दोन्ही बाजूंना द्यायचा, असं ठरवून गेलात तर एका दिवसात हा वाडा समजतो. त्यासाठी आत किमान सहा तास हवेत.

तिकीट

ऐनवेळी दारात तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका. तिकिटं आगाऊ, नावानिशी आणि पासपोर्ट क्रमांकावर काढावी लागतात आणि रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असते. विक्री सात दिवस आधी, बीजिंगच्या वेळेनुसार रात्री 8 वाजता सुरू होते. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. शुक्रवारी जायचं असेल तर आदल्या शुक्रवारी सव्वापाचलाच लॉगिन करून, सगळ्यांचे पासपोर्ट समोर ठेवून बसा. सुट्टीच्या दिवसांत सकाळची तिकिटं बघता बघता संपतात. संग्रहालयाची स्वतःची वेबसाइट आणि वीचॅटमधला त्यांचा मिनी प्रोग्रॅम, हे दोन अधिकृत मार्ग. मधले एजंट जास्त पैसे घेतात, आणि त्यांनी क्रमांक चुकीचा भरला तर दारात अडवलं तुम्हालाच जातं.

1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर या काळात तिकीट 60 युआन, उरलेल्या महिन्यांत 40 युआन. रत्नदालन आणि घड्याळांचं दालन यांची प्रत्येकी 10 युआनची वेगळी तिकिटं आहेत. मुख्य तिकिटाबरोबर हीही काढून टाका. वीस युआन वाचवण्यासाठी ही दोन दालनं सोडणं म्हणजे पंगतीत बसून पक्वान्नाला नको म्हणणं आहे. साठीच्या वरच्यांना अर्धं तिकीट आणि 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण मोफत असला तरी मुलाच्या नावाची नोंदणी करावीच लागते. हे माहीत नसल्यामुळे आईवडिलांचं तिकीट आहे आणि मुलाचं नाही, अशी कुटुंबं दारात अडकतात.

बुकिंगमध्ये घोटाळे नेमके कुठे होतात तेही सांगतो. पासपोर्टचं नूतनीकरण झालेलं असतं आणि मोबाइलमध्ये जुन्याचा फोटो असतो, त्यामुळे जुनाच क्रमांक भरला जातो. आडनाव आणि नावाची अदलाबदल होते. पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. आणि पैसे भरताना कार्ड चालत नाही, कारण भारतीय बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करून घ्या आणि निघण्यापूर्वी भारतातच अलीपे या चिनी पेमेंट ॲपला कार्ड जोडून ठेवा. चीनमध्ये पाण्याच्या बाटलीपासून टॅक्सीपर्यंत सगळं त्यावरच चालतं. थोडी रोख जवळ असावी, पण मदार मोबाइलवर ठेवा.

सकाळ आणि दुपार असे दोन वेळगट असतात. सकाळचा घ्या. दुपारचं तिकीट मिळालं तर 11 वाजल्यापासून आत जाता येतं, पण मग मधली रेषा आणि एक बाजू एवढंच पदरात पडतं.

कधी जावं

सोमवारी संग्रहालय बंद असतं (सरकारी सुट्टीचा सोमवार सोडून). एप्रिल ते ऑक्टोबर वेळ सकाळी 8:30 ते संध्याकाळी 5, शेवटचा प्रवेश 4 वाजता. नोव्हेंबर ते मार्च बंद होण्याची आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ अर्ध्या तासाने लवकर. 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय दिनाचा आठवडा आणि मे महिन्याचे पहिले पाच दिवस टाळाच. जुलै-ऑगस्टमध्ये चिनी शाळांना सुट्टी असते, वर ऊनही कडक. तिन्ही मुख्य दालनांच्या अंगणात एकही झाड नाही आणि सगळीकडे फरसबंदी, त्यामुळे उन्हाळ्यात अकरानंतर खालूनही भाजून निघतं.

आमचं मत विचाराल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध सगळ्यात चांगला. थंडी सोसत असेल तर डिसेंबर-जानेवारीही उत्तम: तिकीट स्वस्त, गर्दी कमी, आणि आणखी एक फायदा असा की मुख्य दालनं दक्षिणमुखी असल्यामुळे हिवाळ्यातलं तिरकं ऊन आत खोलवर पोचतं. बाहेरून डोकावून बघताना याचा फार उपयोग होतो. मात्र पारा शून्याच्या खाली असतो आणि उघड्या अंगणात वारा सुटतो. कानटोपी, हातमोजे आणि जाड तळव्याचे बूट लागतीलच.

दारापर्यंत पोचणं

प्रवेश फक्त दक्षिणेच्या वूमेन या दरवाज्यातून. उत्तरेचा शेनवूमेन आणि पूर्वेचा दोंगह्वामेन हे फक्त बाहेर पडायचे दरवाजे. टॅक्सीवाल्याने उत्तरेला सोडलं, तर खंदकाला वळसा घालून दक्षिणेपर्यंत चालण्यात अर्धा तास जातो.

बहुतेक जण मेट्रोच्या 1 नंबरच्या मार्गावर तिआनआनमेन पूर्व स्थानकात उतरतात. तिथे चौकात जाणाऱ्यांची आणि राजवाड्यात जाणाऱ्यांची सुरक्षा तपासणी एकत्र होते, आणि सकाळी ही रांग तासभरही लांबते. तिआनआनमेन चौकात पाऊल ठेवायचं असेल तर त्याची नोंदणी वेगळी करावी लागते, ती राजवाड्याच्या तिकिटात येत नाही. त्यापेक्षा पूर्वेकडून जाणं सोयीचं. 8 नंबरच्या मार्गावर जिनयूहुतोंग स्थानकात उतरा, पश्चिमेकडे चालत दोंगह्वामेनपाशी या आणि खंदकाच्या कडेकडेने दक्षिणेला वळून वूमेनच्या पटांगणात शिरा. चालणं पंचवीस मिनिटांचं, पण वाटेत 52 मीटर रुंदीचा खंदक आणि त्यावरचा आग्नेय कोपऱ्याचा बुरूज आयताच बघायला मिळतो. बुरुजाच्या छताची गुंतागुंत इथून जितकी स्पष्ट दिसते तितकी आतून दिसत नाही.

मूळ पासपोर्ट जवळ हवाच. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. लायटर, काडेपेटी, चाकू तपासणीत काढून घेतात. संपूर्ण वाडा लाकडाचा असल्यामुळे आगीच्या बाबतीत इथे कुणालाही सवलत नाही. मोठ्या बॅगा हॉटेलवर ठेवा. पाठीवरच्या पिशवीत पाणी, टिश्यू पेपर (स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही), पॉवर बँक आणि खाऊ एवढं पुरे.

खाण्याचं आधीच ठरवा. आत उपाहारगृहं आहेत, पण शाकाहारी माणसाच्या हाती फारसं लागत नाही, आणि भाज्यांच्या पदार्थांतही मांसाचा रस किंवा चरबी असू शकते. दशम्या, धपाटे, चिवडा, शेंगदाण्याच्या चिक्क्या असं कोरडं बरोबर असलं की जेवणाची रांगही वाचते.

गूगल मॅप्स आणि व्हॉट्सॲप चीनच्या स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर साधारणपणे चालतात. तरी हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट करून ठेवा, आणि आदल्या रात्री संग्रहालयाच्या वेबसाइटवर कोणती दालनं बंद आहेत ते बघून घ्या. लाकडी इमारतींची दुरुस्ती इथे कायम चालू असते.

मधली रेषा: साडेआठ ते साडेदहा

वूमेनला एकूण पाच वाटा आहेत. मधली सम्राटाची. त्याच्याखेरीज सम्राज्ञीला लग्नाच्या दिवशी तिथून आत येता येई, आणि राजदरबारी परीक्षेत पहिल्या आलेल्या तिघांना निकालाच्या दिवशी तिथून बाहेर पडण्याचा मान मिळे. आत गेल्यावर धनुष्याकृती कालव्यावरचे पाच संगमरवरी पूल लागतात, पुढे ताइहेमेन दरवाजा आणि त्याच्यापुढे कांस्याचे दोन सिंह. नराच्या पंजाखाली चेंडू आहे आणि मादीच्या पंजाखाली पिल्लू.

मग येतं मोठं अंगण आणि तीन थरांच्या संगमरवरी जोत्यावरचं ताइहे दालन. मिंग घराण्याच्या योंगले सम्राटाने 1406 मध्ये बांधकामाला हात घातला, 1420 मध्ये वाडा पुरा झाला आणि 1421 मध्येच वीज पडून पुढची तिन्ही दालनं जळाली. आज जे ताइहे दालन दिसतं ते मिंगनंतरच्या छिंग घराण्यातल्या कांगशी सम्राटाच्या काळातलं, 1695 ते 1697 मध्ये पुन्हा उभारलेलं. त्याला 72 खांब आहेत.

दालनात जाता येत नाही, कठड्यापाशी उभं राहून आत बघायचं. तिथे मधोमध लोटालोटी चालते. तिच्यात शिरण्याऐवजी आधी अंगणातून छताचा कोपरा बघा. वळचणीच्या कडेवर ओळीने बसलेले छोटे प्राणी मोजायचे. अगदी पुढचा पक्ष्यावर बसलेला स्वार मोजणीत धरत नाहीत. ताइहेवर दहा प्राणी आहेत, त्याच्या मागच्या झोंगहेवर सात आणि त्यामागच्या बाओहेवर नऊ. इमारतीचा दर्जा जितका वरचा तितके प्राणी जास्त, आणि दहा फक्त ताइहेवर आहेत. ही मोजणी एकदा जमली की दिवसभर कुठल्याही छताकडे बघून त्या घराची पायरी ओळखता येते. लहान मुलं बरोबर असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा, ती कंटाळत नाहीत.

जोत्याच्या कडेने संगमरवरी व्यालमुखं बाहेर आलेली आहेत, हजारावर. ती पावसाच्या पाण्याची पन्हाळी आहेत. मुसळधार पावसात गेलात तर तिन्ही थरांवरून पाणी एकदम सुटलेलं बघायला मिळेल, म्हणून पाऊस आला तर लगेच आडोशाला पळू नका.

दालनांच्या बाजूंना कांस्याचे मोठे रांजण आहेत. आग विझवण्यासाठी त्यांत पाणी भरून ठेवत, हिवाळ्यात झाकण घालून खाली कोळसे पेटवत म्हणजे पाणी गोठत नसे. मुलामा दिलेल्या रांजणांजवळ जाऊन तिरक्या प्रकाशात बघा. अंगभर ओरखडे आहेत आणि सोनं फक्त खाचांमध्ये उरलं आहे. 1900 मध्ये आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हा सैनिकांनी संगिनींनी ते खरवडलं असं सांगतात. त्या फौजांत ब्रिटिशांच्या झेंड्याखाली शीख, राजपूत अशा हिंदुस्थानी पलटणीही होत्या. हे ओरखडे आपणही थांबून बघावेत.

बाओहे दालनाला वळसा घालून मागे या आणि पायऱ्यांमधली कोरीव शिळा बघा. लांबी 16.57 मीटर, रुंदी 3.07 मीटर, वजन 200 टनांहून जास्त. शहराबाहेरच्या फांगशानच्या खाणीतून हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून, त्याचा बर्फ होऊ देऊन त्यावरून ती ओढत आणली. गर्दी पुढून दालनात डोकावून पुढे सरकते, त्यामुळे मागची ही शिळा अनेकांकडून निसटते.

राहती घरं आणि पश्चिमेचे वाडे

शिळेच्या उत्तरेचं आडवं, अरुंद पटांगण ही सीमा आहे. दक्षिणेला दरबार, उत्तरेला घर. समोरच्या च्येनछिंगमेनमधून आत गेल्यावर पाट्या बघा: इथल्या पाट्यांवर चिनीच्या शेजारी मांचू, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांच्या भाषेची, लिपी आहे, पुढच्या दरबारी दालनांवर फक्त चिनी. छिंग राजवट 1912 मध्ये संपल्यावर पुढच्या भागातल्या पाट्यांवरची मांचू अक्षरं काढली गेली. आतल्या भागात मात्र पदच्युत सम्राट पूयी आणि त्याचं कुटुंब 1924 पर्यंत राहत होतं, त्यामुळे तिथल्या पाट्या वाचल्या. संग्रहालय सुरू झालं ते 10 ऑक्टोबर 1925 रोजी.

च्येनछिंग दालनात सिंहासनाच्या वर चार चिनी अक्षरांचा मोठा फलक आहे. योंगझेंग सम्राटाने वारस ठरवण्याची जी पद्धत घातली तिच्यात वारसाचं नाव लिहून पेटीत बंद करून या फलकामागे ठेवत, आणि सम्राटाच्या मृत्यूनंतरच ती उघडत. त्यामागच्या जिआओताई दालनात 25 राजमुद्रा ठेवण्याची जागा होती, आणि त्यामागे कुननिंग, जिथे राजाच्या लग्नाची खोली आहे. ही तीन दालनं अर्ध्या तासात होतात.

नंतर राजोद्यान. बहुतेकांचा वाडा इथे संपतो, कारण बागेपलीकडे लगेच बाहेरचा दरवाजा दिसतो. तिकडे जाऊ नका. दोंगह्वामेन किंवा शेनवूमेनमधून एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत येता येत नाही. बागेत थोडं बसून खाऊन घ्या, जुन्या सायप्रस वृक्षांची सावली चांगली असते, आणि मग पश्चिमेच्या बाजूने पुन्हा दक्षिणेकडे वळा.

पश्चिमेचे सहा वाडे म्हणजे राण्यांची घरं. लाल भिंतींच्या सरळ गल्ल्या, दोन्हीकडे अंगणांचे दरवाजे. इथे माप एकदम माणसाचं होतं. चूशिऊ वाड्यात त्सिशी राहिली. उपपत्नी म्हणून आलेल्या या बाईने पुढे जवळजवळ अर्धं शतक चीनवर पडद्याआडून राज्य केलं. खिडक्यांच्या काचांवर प्रकाश चकाकतो, म्हणून दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूंना धरून आत बघा, अर्ध्या मिनिटात नजर सरावते. मग काचेचे दिवे, कोरीव लाकडी पडदे, भिंतीलगतची बैठक दिसू लागते. आत विजेचा झगमगाट नाही, तोही लाकडाच्या काळजीपोटी.

गल्लीतून दक्षिणेला आलात की पुन्हा ते आडवं पटांगण लागतं. पश्चिम टोकाला लोंगझोंगमेन दरवाजा आहे. त्याच्या फलकात एक बाणाचं टोक अजून रुतलेलं आहे. 1813 मध्ये एका पंथाच्या बंडखोरांनी वाड्यात घुसून हल्ला केला, त्याची ही खूण. फलक उंचावर आहे, मोबाइलचा कॅमेरा मोठा करून शोधा.

पूर्वेची बाजू

आता त्याच पटांगणातून पूर्वेला जिंगयुनमेन ओलांडा. दुपारच्या एक-दीडपर्यंत इथे पोचायला हवं. फंगश्येन दालनात घड्याळं आहेत: लंडन, स्वित्झर्लंड, ग्वांगझोउ आणि राजवाड्याचे स्वतःचे कारखाने इथे बनलेली. एका इंग्रजी घड्याळातली मूर्ती ब्रश घेऊन खरोखर चिनी अक्षरं लिहिते. अर्धा-पाऊण तास ठेवा.

पुढे शीछिंगमेनमधून रत्नदालनाचा विभाग सुरू होतो. हा भाग च्येनलोंग सम्राटाने स्वतःच्या निवृत्तीसाठी 1770 च्या दशकात बांधून घेतला. तो इथे कधी राहायला आलाच नाही, निवृत्तीनंतरही सत्तेच्या जागीच बसून राहिला. शिरताच 29 मीटर लांबीची नऊ ड्रॅगनांची चकाकत्या कौलांची भिंत आहे. डावीकडून वा उजवीकडून धावत फोटो काढू नका. पूर्वेकडून तिसऱ्या, पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाखाली निरखून बघा. तिथला एक तुकडा लाकडी आहे आणि त्याचा रंग उडाला आहे. भाजताना मूळ कौल फुटलं आणि कारागिरांनी लाकूड कोरून, रंगवून ते झाकलं, अशी कथा सांगतात.

रत्नांच्या काचपेट्यांपाशी खूप गर्दी असते. ती तशीच ओलांडून लेशौ दालनात जा, जिथे अखंड जेडचा एक डोंगर कोरून ठेवला आहे. उंची सव्वादोन मीटर, वजन सुमारे पाच टन. दगड पश्चिमेच्या खोतान भागातून आला, कोरीवकाम यांगझोउमध्ये झालं आणि 1787 मध्ये तो वाड्यात आला. पूर आवरणाऱ्या यू राजाची कथा त्यावर आहे. खाली वाकून बघा: घण उगारलेली, दोर ओढणारी, फांद्यांना धरून चढणारी माणसं एकेक करून सापडत जातात. अख्ख्या वाड्यातली एकच वस्तू निवडायची तर आम्ही हीच निवडू.

प्रसिद्ध जेडची कोबी मात्र इथे शोधू नका. जपानी आक्रमणाच्या भीतीने 1933 मध्ये संग्रह दक्षिणेला हलवला, आणि त्यातल्या 2,972 पेट्या 1948-49 मध्ये तैवानला गेल्या. ती कोबी आता तैपेईच्या संग्रहालयाची आहे.

इथून तीन मजली नाट्यगृह बघत उत्तरेला सरका. वरच्या मजल्यांवरून पात्रं खाली उतरवायला फळ्यांमध्ये झडपा आहेत. शेवटच्या अंगणात एक अगदी लहान तोंडाची विहीर आहे, 1900 मध्ये पळ काढण्यापूर्वी त्सिशीने सम्राटाच्या लाडक्या झेन राणीला जिच्यात ढकलायला लावलं असं मानतात. त्यापुढचा दरवाजा ओलांडला की शेनवूमेन समोरच आहे.

दिवस फारच गर्दीचा असेल तर क्रम उलटा करा. ताइहेमेनच्या अंगणातूनच उजवीकडे श्येहेमेनमधून निघा, पूर्वेची बाजू आधी करा आणि मधली रेषा दुपारी तीननंतर घ्या. तेव्हा सहलींचे गट बाहेर पडलेले असतात.

बाहेर पडल्यावर

शेनवूमेनपाशी सायकलरिक्षावाले आणि "जवळच स्वस्तात" म्हणणारे चालक असतात. भाडं उतरताना वाढतं, नकोच म्हणा. रस्ता ओलांडला की समोर जिंगशान उद्यान, तिकीट 2 युआन. टेकडी खंदकाच्या मातीची आहे, वर पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पूर्वेच्या पायथ्याशी मिंग घराण्याच्या शेवटच्या सम्राटाने 1644 मध्ये जिथे गळफास घेतला ती जागा दाखवतात. माथ्यावरच्या मंडपाच्या दक्षिण कठड्याशी उभं राहिलात की पिवळ्या छपरांत दिवसभर चाललेला मार्ग बोटाने दाखवता येतो. काळ्या छपराची इमारत आग्नेयेला सापडते का बघा. ते वाड्याचं ग्रंथालय आहे. काळा हा पाण्याचा रंग, पुस्तकांना आगीपासून जपण्यासाठी निवडलेला.

परतीला उत्तर दरवाज्याजवळ टॅक्सी मिळणं कठीण असतं. पूर्वेकडे वीस-पंचवीस मिनिटं चाललात तर 8 नंबरच्या मार्गावरचं राष्ट्रीय कलासंग्रहालय स्थानक लागतं. टेकडीच्या उत्तर दरवाज्यातून निघालात तर नानल्वोगूश्यांग स्थानक बरं पडतं, तिथे 6 आणि 8 असे दोन्ही मार्ग मिळतात.